तिसावा बॉम्ब

४ मार्च
आज रुजू झालो! विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारा कारखाना. माझं काम एवढंच, की युद्धातल्या बॉम्बफेकी विमानांचे रंग आणि खुणा अचूक शोधून द्यायच्या. लहानपणी आई ओरडायची, या खेळण्यांनी पोट भरणार आहे का? भरणार आहे म्हणावं! पहिलंच विमान वरून हिरवं आणि मातकट, पोटाला काळं. हिरवा नेमका कुठला, यावर मी आणि चित्रं काढणाऱ्या बाई तासभर भांडलो. मजा आली.

९ मार्च
या विमानाचा एकच फोटो आहे, तोही कृष्णधवल. वैमानिकाच्या खिडकीखाली ओळीने चिमुकले बॉम्ब रंगवलेत. मोहीम करून विमान सुखरूप परतलं, की तळावरचा रंगारी एक बॉम्ब रंगवायचा. परतण्याआधी कधीच नाही. दहा-दहाच्या तीन ओळी, शेवटची जागा रिकामी. म्हणजे एकोणतीस.

१२ मार्च
त्या विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसणारे आजोबा दोन गल्ल्या सोडून राहतात. लेकीने दारातच बजावलं, बाबांना फार बोलायला लावू नका. आजोबाही म्हणाले, एकोणतीसच. तिसाव्या खेपेला बॉम्ब चढवून झाले होते, पण धुक्यामुळे मोहीम रद्द झाली आणि आठवड्यात युद्धच संपलं. लक्ष्य होतं नदीकाठचं, बटणांच्या कारखान्याचं गाव. अहो, ते माझ्या आईचं माहेर! ती तेव्हा सहा वर्षांची होती. हे मी हसत सांगितलं, तर आजोबांनी माझा हात धरला तो सोडेनात. म्हणाले, तेवढं एक गाव आमच्या हातून वाचलं, म्हणून मला झोप लागते.

१८ मार्च
बाई म्हणतात, तिसरी ओळ दात पडल्यासारखी दिसते. मालकांना घाई. आणि फोटोत ती जागा सावलीत आहे, कोण बघायला जातंय? मी चित्रात तिसावा बॉम्ब रेखाटून दिला. शेऱ्यात लिहिलं, 'प्रत्यक्ष साक्षीदाराकडून खात्री केली.' आजोबांचा हात आठवला. लाज वाटली, पण सही केली.

२ एप्रिल
प्रतिकृतींवर चिकटवायच्या खुणांचे कागद छापून आले. ओळी अगदी भरगच्च दिसतात. सगळ्यांनी पाठ थोपटली.

५ एप्रिल
फोटोत तीस आहेत.
सावली गेली आहे. भिंगाखाली तिसाव्याचा रंग किंचित ओघळलेला दिसतो, घाईत काढल्यासारखा. बाईंना दाखवलं. म्हणाल्या, पहिल्यापासून तीसच तर होते, तूच मोजले होतेस.

७ एप्रिल
आजोबांची लेक कारखान्यात आली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत, तुमचंच नाव काढतात म्हणाली. गेलो. आजोबा भिंतीकडे तोंड करून रडत होते. म्हणे धुकं नव्हतंच, लख्ख दुपार होती. शेपटीत बसणाऱ्याला मागे काय उरलं ते सगळं दिसतं. मला विचारत होते, इतकी वर्षं मी हे विसरलो कसा? त्यांचा काही दोष नाही, हे पाप माझं आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. भ्याड आहे मी.

८ एप्रिल
त्याच गावात राहणाऱ्या मामाला फोन केला. असा नंबरच नाही.
आईला विचारलं. ती म्हणाली, अरे, तो त्या दुपारीच गेला ना, कारखान्यापाशी. शंभरदा सांगितलंय तुला. मग खोकत राहिली. सर्दी झालीय का विचारलं, तर म्हणाली, नाही रे, धूर.

९ एप्रिल, सकाळ
मूळ चित्रावरचा तिसावा बॉम्ब ब्लेडने खरवडला. कागद फाटला. खालच्या कागदावरही तोच— त्याच्या खालच्याही—
मालकांना सांगितलं, मी खोटं लिहिलं, माल परत मागवा. ते म्हणाले, माल परवाच गेला.

९ एप्रिल, दुपार
आईला फोन लावला. एका लहान, सहाएक वर्षांच्या मुलीने उचलला. खोकतेय. मागे इंजिनांची घरघर, चार इंजिनांची, मी ओळखतो ती—
रिसीव्हर कानाशी धरून लिहितोय. बाहेर पळ म्हणतोय तिला, नदीकडे पळ. ती जागची हलत नाही. म्हणते, आईने सांगितलंय, अनोळखी माणसाचं ऐकायचं नाही. विचारतेय, तुम्ही कोण? मी तिला काय सांगू, मी तुझा—