आवडी छाप

लिहून ठेवणार चिंधी भ्रतार महादू सोनावळे, वय अदमासे पंचावन्न, धंदा वीटभट्टी, राहणार कुंभिवली, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा. माझे डोके ठिकाणावर आहे, पोट नाही. येता पावसाळा मला दिसेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. म्हणून हा लेख मी कोणाच्या धाकाने किंवा भुलावणीने नव्हे, तर घाईने करीत आहे. मी सांगते ते श्रीपत मास्तर लिहून घेत आहेत. मास्तर मधेमधे माझी भाषा सुधारतात. भाषा खुशाल सुधारा, मजकूर सुधारू नका, असे त्यांना बजावले आहे.

कलम १. राहते घर व मागचा गोठा माझा मुलगा चंदर याचा. घर आमच्याच विटांचे आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पश्चिमेची भिंत जराशी वाकडी आहे. ती त्याच्या बापाने बांधली होती, ती सरळ करू नये.

कलम २. तांब्याचा हंडा सून गोदा हिला. पोस्टातले जे काही असेल ते नात कमळी हिला. गोदाला मुलीचे नाव आवडी ठेवायचे होते. मी ठेवू दिले नाही, तोंडाला येईल ते बोलले, पाचव्या दिवशी घरात रडारड झाली. गोदा, मी वाईट होते म्हणून नव्हे. मला भीती वाटली गं. कशाची, ते पुढे लिहिले आहे.

कलम ३. भट्टी, चिंधी छापाचे आठ साचे, फावडी, घमेली, पाण्याची पिंपे हे सर्व चंदरचे. भट्टी पेटवणारे बुधाजी यांना चंदरने काढू नये. धूर पाहून आच ओळखणारा माणूस दुसरा मिळणार नाही. बुधाजींना माझी घोंगडी द्यावी. नको म्हणतील, तरी द्यावी.

कलम ४. हे कलम माझ्या मुलाला मान्य नाही. तो आत्ता दाराशी पाठ करून बसला आहे. तरीही लिहायचे आहे.

माझ्या आधीची चार भावंडे वाचली नाहीत. म्हणून आईने मला जन्मल्याबरोबर फाटक्या लुगड्यात गुंडाळून उकिरड्यावर ठेवले, सुईणीने उचलून पसाभर नाचणीला आईला परत विकले, आणि नाव ठेवले चिंधी. असल्या नावाच्या पोरीला मरण हात लावत नाही म्हणतात. मला नाही लावला. पण मला ते नाव आयुष्यभर टोचले. म्हणून मुलगी झाली तेव्हा हौसेने आवडी ठेवले. सासू म्हणाली, "धोंडी ठेव, दगडी ठेव. एवढं गोड नाव कशाला गं?" मी ऐकले नाही.

आम्ही तेव्हा सखाराम घारे यांच्या भट्टीवर वीट थापत होतो. आवडी आठ वर्षांची. अंगाने हलकी, म्हणून कच्च्या विटांच्या ओळींतून फिरून विटा पालटायचे काम तिचे. सन १९५७च्या मार्चात अवकाळी पाऊस पडला आणि भिजलेली रास तिच्यावर बसली. रास ताडपत्रीने झाका, असे महादू आदल्या दिवशी सखारामांना सांगून आला होता. सखाराम म्हणाले होते, "मार्चात कुठला रं पाऊस?"

लेकीला नदीकाठच्या आमच्या गाळाच्या मळईत उंबराखाली पुरले.

पुढच्या हंगामात सखारामांच्या विटांवर नाव उठले, आवडी. तोवर त्यांच्या विटा कोऱ्या असत. लोक म्हणाले, पोरीच्या नावाने भट्टीला बरकत आली. तसे झालेही. रस्त्यालगत नवे कारखाने उठत होते आणि गाड्याच्या गाड्या आवडी छाप जात होती. मी त्यांच्या राशीतून एक वीट पदराखाली घालून आणली. होय, चोरली. अक्षरओळख मला त्या विटेवर बोट फिरवून झाली. ती अजून माझ्या उशाशी आहे.

सन १९६१ साली आम्ही स्वतःची भट्टी घातली. इकडची रीत अशी, की भट्टीवाले दसऱ्यानंतर खालापुरात जमतात आणि नव्या भट्टीवाल्याने आपली छाप तिथे सांगायची. ज्याच्या साच्यात छाप आधी बसली त्याची ती, या रस्त्यावरच्या दुसऱ्या भट्टीने ती घालायची नाही. नाहीतर एकाची कच्ची वीट दुसऱ्याच्या नावावर जाते. रीत चांगली आहे. मी उभी राहून म्हणाले, आवडी.

एक म्हातारे म्हणाले, "बाई, ती छाप रस्त्यावर हाय. दुसरं काय बी ठेव."

मी म्हणाले, "आवडीबाई ठेवते."

"गाडीवाला बोलताना बाई खाऊन टाकंल, नुसती आवडीच उरंल."

"मग आवडी नंबर दोन."

"म्हंजे हलका माल वाटंल लोकांना."

कोणीतरी सुचवले, नवी आवडी. सखाराम मान खाली घालून होते, ते या नावाला हो म्हणाले. पण ते मलाच चालेना. नवी कुठली? एकच होती. एकाने देवीचे नाव ठेव म्हटले. बौद्ध होऊन, देव सोडून आम्हाला पाच वर्षे झाली होती. शेवटी मी सखारामांपुढे पदर पसरला, सगळ्यांदेखत. म्हणाले, "दादा, पोर तुमच्याकडं गेली, नाव तरी परत द्या." ते उठून बाहेर गेले. कोणीतरी हसले, "चिंधीच ठेव की!" मी म्हणाले, तेच लिहा. हसणाऱ्याला या लेखाने काही दिलेले नाही.

चिंधी छाप चालली. वीट वाजवून घ्या, भांड्यासारखी वाजते. पण तेरा वर्षांत एक दिवस असा गेला नाही की साचा उपडा करताना मला वाटले नाही, हे भलतेच नाव आहे.

सखाराम दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या भट्टीची माती संपली. त्यांचा मुलगा गजा भट्टी बंद करतो आहे आणि शेलूकडचा एक भट्टीवाला साच्यांसकट आवडी छाप घ्यायला येत्या गुरुवारी येणार आहे. त्या माणसाला आवडी कोण हे ठाऊक नाही. नाव एकदा तिकडे गेले की मी मेल्यावर ते मागायलाही कोणी उरणार नाही. मी गजाकडे तीनदा गेले. दोनदा चालत, एकदा चंदरने उचलून नेले. गजा दर वेळी म्हणाला, "मावशी, बा मरताना नाय म्हनून सांगून गेला." मग परक्याला कसे देतोस, असे विचारले की घरात निघून जातो.

म्हणून माझी नदीकाठची सगळी मळई मी गजानन सखाराम घारे यास देत आहे, या अटीवर की आवडी हे नाव त्याने चंदरला द्यावे. तिथल्यासारखी चिकण माती आसपास नाही, त्याची भट्टी पुन्हा उभी राहील. उंबराखालचा कोपरा सोडून बाकी हवी तेवढी खणावी.

चंदर म्हणाला, "आये, माती काढता काढता कोपरा किती दिस ऱ्हाईल? नावापायी तिलाच इकतेस का?"

माझ्याकडे दुसरे काय आहे द्यायला? मास्तर, लिहा. गजा, मी हात जोडते, पाया पडते, मेलेल्या माणसाने पाया पडू नये असे कुठे लिहिलेले नाही. नाव दे रे बाबा.

मास्तर सांगतात की ज्याला मिळकत द्यायची त्याने त्याच लेखावर साक्ष घालू नये. म्हणून साक्षीला बुधाजी आणि दुसरा कोणी तरी, गजा सोडून.

कलम ५. इथवर लिहून झाले आणि चंदर न सांगता उठून गेला. दुपारी परतला तो गजाला घेऊन. मास्तरांनी गजाला चौथे कलम वाचून दाखवले. जे झाले ते लिहावे, असे मी सांगितले आहे.

ऐकून गजा खाली बसला. मग म्हणाला, "मावशी, बा रोज साच्यावर उभा ऱ्हायचा. म्हनायचा, ह्ये नाव रोज हजार येळा माझ्या डोळ्यांपुढं आलं पायजे. तुला दिलं आसतं तर तो सुटला आसता. म्हनून दिलं नाय."

मी विचारले, "मग शेलूवाल्याला का रं देतोस?"

"मला बघवत नाय म्हनून. बारा वर्सांचा व्हतो मी. रास उपसताना माझे बी हात व्हते."

सतरा वर्षे मी समजत होते की सखाराम माझ्या लेकीच्या नावावर गाड्या भरतात. गाड्या भरतच होते. गजा म्हणतो तेही खरे असेल. मास्तरांनी विचारले, सखारामांना माफ केले असे लिहू का? मी नाही म्हणाले. ताडपत्री घालायची होती.

गजाने पिशवीतून आवडी नावाच्या लोखंडी पट्ट्या काढल्या, साच्यांच्या तळातून उचकटलेल्या. सहाच्या सहा. माझ्या मांडीवर ठेवल्या. म्हणाला, "जमीन नको. तिथं ती हाय." आणि मास्तरांना म्हणाला, "दुसरा साक्षीदार पायजे ना? मी घालतो सई."

मास्तरांनी त्याला नियम पुन्हा सांगितला. तो म्हणाला, "समजूनच घालतोय." तेव्हा चौथ्या कलमातली देणगी रद्द. मळई चंदरची, आणि ती कोणी कधी खणायची नाही.

कलम ६. नाव हाती आले आणि आता मला कळते आहे की ते मला विटांवर नकोच होते. धंद्याला चिंधी छापच राहील. पट्ट्या उंबराखाली पुराव्यात. आवडी हे नाव यापुढे कोणाच्या भिंतीत जाणार नाही.

माझे दहन झाल्यावर राख नदीत सोडू नये, उंबराखाली टाकावी. त्यावर हातभर ओटा करावा. ओट्याला वर दोनच विटा, माझ्या उशाशी आहे ती आवडीची आणि या हंगामातली पहिली चिंधी. एकीवर एक रचू नका, तिच्या अंगावर पुन्हा वीट यायला नको. शेजारी शेजारी ठेवा. वरून सिमेंट घालू नका, नावे उघडी राहू देत.

हा लेख मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवला, तो माझाच आहे. सही मी स्वतः केली आहे, अक्षर विटेवरचे आहे.

मुक्काम कुंभिवली, सोमवार, तारीख ९ डिसेंबर १९७४

(सही) चिंधी

लिहिणार: श्रीपत मास्तर

साक्षीदार १: बुधाजी, भट्टी पेटवणारे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार २: गजानन सखाराम घारे. यास या लेखाने काहीही मिळालेले नाही.