सईचा बर्फ

देरा, २४ डिसेंबर १९९७, संध्याकाळ

आठवडाभर पाऊस पडतोय, रस्त्यांवर तळी साचलीत. दुबईत एवढा गारवा आलाय म्हणजे नाताळला बर्फही पडणार, असं सईनं मनाशी पक्कं केलं होतं. सात वर्षांची आहे. सकाळी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, इट्स अ सीक्रेट. डोन्ट टेल एनीवन."

आणि मी काय केलं? आत्ता शेजारच्या डिसोझांकडे केक खायला गेलो, तर भरल्या घरात मीच सांगून टाकलं, "आमच्या सईनं बर्फ झेलायला गॅलरीत पातेलं ठेवलंय!" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. मिस्टर डिसोझा म्हणाले, "इन्शाल्ला बेटा, इन्शाल्ला!" पुन्हा हशा. सईनं हातातला केक तसाच खाली ठेवला.

चार माणसांना हसवायला मी लेकीचं गुपित उधळलं. आणि वर एवढ्या मोठ्यानं हसायचं काय होतं मला?

घरी आल्यावर विचारलं, "चिडलीस का गं?" एरवी ही मला इंग्रजीतच उत्तर देते. आज खाली बघत मराठीत म्हणाली, "नाही आई. मी नुसती गंमत करत होते."

मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलली पोर.