शनिवारच्या बैठकीची खोली

मी, गोपिका मनोहरराव लांजेवार, वय एकाहत्तर, राहणार इतवारी, नागपूर, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, आपखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके शाबूत आहे.

१. राहते घर मला वडिलांकडून बक्षीसपत्राने मिळाले. त्याचा वरचा मजला माझा एकुलता मुलगा कृष्णकांत याला द्यावा.

२. खालची रस्त्याकडची खोली बालवाडीसाठी जयवंता मेश्राम व शोभाताई यांच्या स्वाधीन करावी. कृष्णकांत हरकत घेईल, म्हणून कारण लिहिते.

या खोलीत मी बालवाडी चालवली. शोभाताई शिकवत. शनिवारी मुलांच्या आया, शोभाताई आणि मी चटईवर बसून आठवड्यात काय जमले, काय फसले, ते एकमेकींना विचारीत असू. कॉटन मार्केटात भाजी विकणारी जयवंता एकदा शोभाताईंना म्हणाली, "बाई, माही पोरगी तुमाले भिऊन राहिली. तिले सगळ्यायसमोर उभी काहून करता?" शोभाताईंना लागले, पण सोमवारी त्यांनी पोरीला जवळ बसवून घेतले. आयांनी मलाही विचारले, की बाजारातून यायला उशीर होतो, तर दार का लावता? मी दार उघडे ठेवू लागले.

चौऱ्याहत्तर साली मी काही महिने अंथरुणाला खिळले. कारभार कृष्णकांताकडे गेला. त्याने बैठक बंद करून तपासणीला बाहेरचे साहेब आणले. मला म्हणाला, "आई, ज्यायले सही येत नाही, ते बाईची परीक्षा काहून घेऊन राहिले?" ती परीक्षा नव्हती, हे त्याला पटले नाही. साहेबांनी शेरा उत्तम दिला. आया मात्र दारातूनच परतू लागल्या, मग मुलेही येईनाशी झाली. का, ते सांगायला कोणी उरले नव्हते. आज तिथे कृष्णकांताच्या दुकानाची खोकी आहेत. ती त्याने हलवावीत.

३. सोन्याच्या पाटल्या सून शामला हिला. नवऱ्याची नाराजी पत्करून ती बैठकीला चहा आणून देई.

४. पोस्टातील शिल्लक चटया, पाट्या आणि मुलांच्या फुटाण्यांसाठी खर्चावी. माझा फोटो लावू नये. अट एकच, शनिवारची बैठक चुकवू नये.

५. कृष्णकांता, बैठक बंद झाल्यापासूनही आपण एकाच छताखाली राहिलो. तू माझी औषधे आणलीस, मी तुला वाढले. पण आपले कुठे बिनसले, हे तू विचारले नाहीस, मीही नाही. खाली बायांना जे जमत होते, ते वर आपल्या दोघांना साधले नाही. याची रुखरुख तेवढी माझ्यापाशी राहते. ती कोणाच्या नावे करता येत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही केली.

गोपिका मनोहरराव लांजेवार

साक्षीदार :
१. रुपराव बावनकर, इतवारी
२. आनंदराव गजभिये, कामठी

नागपूर, दि. ९ डिसेंबर १९७९