खारूच्या लग्नाची फुलं

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

गेले काही दिवस तुझ्या दादाला एका जागी बसवत नाही. खुर्चीतून खिडकीशी, खिडकीतून फाटकाशी, फाटकापासून पुन्हा खुर्चीत. सूनबाई विचारत होती, बाबा, तुमच्या पायांना कुणी किल्ली दिलीय का? कारण असं, की आपल्या खारूचं लग्न ठरलं. लहानपणी तुझ्या फुलांच्या दुकानात बसून देठांची टोकं कुरतडायची, म्हणून तूच माझ्या नातीचं नाव खारू ठेवलंस. लग्न अकरा एप्रिलला. तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की फुलं करेल तर आत्याआजी, दुसरं कुणी नाही.

आमचे चिरंजीव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, की आत्याचं वय झालं, हॉलवाल्यांचा स्वतःचा फुलवाला आहे, त्याला वीस मार्चपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, तुझी आत्या खारूच्याच काय, तिच्या पाचही मैत्रिणींच्या डोक्यांवर ताज्या फुलांचे मुकुट चढवील आणि तुझा हॉलवाला बघत बसेल. खारूनं टाळ्या पिटल्या. आता शब्द गेला तो गेला.

आपली शाळा आठवते? सगळे वर्ग एकाच खोलीत. मी उभा राहून फुलांची कविता म्हणायचो आणि तू बाकाखाली गवताच्या काडीत फुलं ओवत बसायचीस. बाई मला शाबासकी द्यायच्या आणि तुझी फुलं जप्त करायच्या. ती कविता आता निम्मी विसरलो. पण काडीवरची तुझी फुलं कुठल्या क्रमानं होती तेही मला सांगता येईल.

काय काय करशील ते सविस्तर लिही. सोबत सफरचंदांची पेटी पाठवतो आहे. लोभाला पाणी घालत राहा.

तुझा,
दादा


दि. १२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शब्द द्यायला तुझं काय जातं? तारा मला ओवायच्या आहेत.

आधी सफरचंदांचं सांगते. पेटी आणणाऱ्यानं ती सरळ फुलांच्या थंड खोलीत ठेवली, मी नेमकी बाहेर गेले होते. सफरचंदांतून जी वाफ सुटते तिनं सगळ्या कार्नेशननी माना टाकल्या. फळ आणि फूल एका खोलीत ठेवायचं नसतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कवितेच्या पुस्तकात नसावं. सफरचंदं मात्र गोड होती, अर्धी शेजारच्या शिंपीणबाईंना दिली.

आता ऐक. खारूच्या मुकुटाला कळीहून जरा उमललेले छोटे पांढरे गुलाब. एकेकाच्या मानेतून केसासारखी तार, तिच्यावर हिरवी टेप, म्हणजे डोक्यावर काही ठेवलंय असं वाटायला नको, केसांतूनच उगवलंय असं दिसायला हवं. मैत्रिणींचे मुकुट एका रंगाचे करायचे नाहीत. पहिलीचा सायीच्या रंगाचा, दुसरीचा जर्दाळूचा, मग गुलाबी, मग डाळिंबी, आणि शेवटचा गडद जांभळा. पाचजणी जिन्यावर ओळीनं उभ्या राहिल्या, की संध्याकाळ पायरी पायरीनं उतरतेय असं वाटलं पाहिजे. नवऱ्यामुलाच्या कोटावर खारूच्या मुकुटातलाच एक गुलाब. टेबलांवर उंच काही ठेवणार नाही. समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे, लग्नातली भांडणंसुद्धा तोंड बघूनच करावीत.

मुकुट आदल्या दिवशीच करावे लागतात, आधी केले तर मरतात. तेव्हा त्या दिवशी मला कुणी येऊन गप्पा मारायच्या नाहीत. हे विशेषतः तुला.

वहिनी असती तर तुला आवरलं असतं. लोभ ठेव, सफरचंदं ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी


दि. २२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र जेवणाच्या टेबलाशी मोठ्यानं वाचलं. पायरी पायरीनं उतरणारी संध्याकाळ दोनदा वाचली, तर चिरंजिवांनी माझं ताट पुढे सरकवलं. खारूनं ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. रोज दार उघडते, वाचते, लावते.

मला काही सुचत नाही. लोकांच्या कुंपणांशी उभा राहून त्यांचे गुलाब मोजतो. काल एका बाईंनी काय हवंय म्हणून विचारलं, मी म्हणालो, अकरा एप्रिल. बाई आत निघून गेल्या.

तुझं अक्षर एवढं मोठं कसं झालं? एका ओळीत चार शब्द. चष्मा बदललास का? उत्तर लवकर पाठव. तुझ्या पत्राची वाट पाहण्याचं काम माझ्याकडे कायमचं असू दे.

दादा


दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मुकुटांचा बेत मी बदलला आहे. नीट विचार केला, सहाजणी डोक्यावर फुलं घालून आल्या तर दुकानातल्या बाहुल्या दिसतील. हल्ली सैल गुच्छांची पद्धत आहे. बागेतून नुकतीच तोडून कवेत घेतल्यासारखी फुलं, देठ लांब, थोडी पानं तशीच. रंग तेच, सायीपासून जांभळ्यापर्यंत. वर एक रुंद रिबन. गाठी शिंपीणबाई मारतील, त्यांना सवय आहे. कोटावरचं फूलही नको, खिशात रुमाल पुरे.

खारूला सांग, हे जास्त शोभेल.

चष्मा जुनाच आहे. कुंपणांशी उभा राहू नकोस, एखादा कुत्रा सोडेल. आहे तो लोभ आहेच.

धाकटी


दि. ९ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

खारूला सांगितलं. ती म्हणाली, आत्याआजी म्हणेल तसं. संध्याकाळी माझ्यापाशी येऊन हळूच विचारत होती, की आजोबा, पाचजणींच्या मुकुटांना मी टाळ्या पिटल्या म्हणून ती रागावली का? मी तर नुसता फाटकापर्यंत जाऊन येतो म्हणून उठलो आणि पोस्टापर्यंत गेलो. तिथून परत येताना आठवलं, की पत्र टाकायचं नव्हतंच, लिहिलेलंच नव्हतं.

कवेत घेतलेल्या फुलांवर मी दोन ओळी जुळवल्या आहेत. तू हसशील म्हणून पाठवत नाही.

एक विचारतो. या खेपेला पाकिटावरचा पत्ता तुझ्या अक्षरात नाही. शिंपीणबाईंनी लिहिला का? तुझं पाकीट मी आजवर लांबून ओळखत आलो, आमच्या नावावर तू जो फुलासारखा अनुस्वार काढतेस त्यावरून. यावेळी पोस्टमनला दोनदा विचारलं, की हे माझंच ना?

चिरंजीव सकाळ-संध्याकाळ वीस तारखेची आठवण करून देतात. मनात असेल ते लिही. माझ्यावरचा लोभ पाकिटासकट स्वतःच्या हातानं पाठव.

दादा


दि. १४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता कुणी लिहिला याची चौकशी पोस्टाच्या साहेबासारखी करू नकोस.

नवा बेत. काचेची पसरट भांडी, त्यात पाणी, पाण्यावर नुसती फुलं सोडायची. मैत्रिणींच्या हातात लांब देठाची एकेक लिली. बांधायचं काही नाही, ओवायचं काही नाही. साधं आणि सुंदर.

आणि खरं सांगू का, एवढंच करायचं तर हॉलवाल्यांचा फुलवाला काय वाईट? वीस तारखेच्या आत त्याला हो म्हणायला सांग. दुकानही आता कुणाला तरी देऊन टाकावं म्हणते. खारूला म्हणावं, आत्याआजी पाहुणी म्हणून येईल, पहिल्या रांगेत बसेल आणि सगळ्यांच्या फुलांना नावं ठेवील.

यावर लांबलचक उत्तर नको.

धाकटी


दि. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

उत्तर लांबलचकच आहे. सुरुवातीलाच रागावून घे, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

तुझी पत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडली. पहिल्यात प्रत्येक फुलाच्या मानेतून तार होती. दुसऱ्यात तार गेली, गाठ राहिली, तीही शिंपीणबाईंची. तिसऱ्यात गाठही गेली. मी भोळा म्हातारा, दर वेळी नवी पद्धत समजून घरभर सांगत सुटलो. धाकटे, पद्धती बदलत नव्हत्या, बोटांचं काम कमी होत होतं. अक्षर मोठं झालं, पत्ता परक्या हातात गेला. तुझा उजवा हात कापतो आहे ना? कधीपासून, ते विचारत नाही. मला का सांगितलं नाहीस तेही विचारत नाही, कारण मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. कविता म्हटली असती.

चिरंजिवांना मी सांगितलं, की फुलं घरचीच. हात कापतो हे सांगितलं नाही. ते तुझं आहे, तुला वाटलं तर तू सांग.

आता माझा बेत ऐक, मीही एखादा करून बघतो. रंग तू लावलेस, ती जिन्यावरची संध्याकाळ तुझ्या डोक्यातून आली. हात कापला म्हणून ती कुठे गेली? कमी पडतात ती बोटं. माझी दहाच्या दहा रिकामी आहेत, आजवर खडू आणि पुस्तकाची पानं यांपलीकडे त्यांनी काही धरलेलं नाही. गुरुवारच्या गाडीनं येतो आहे. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत मला शिकव. वाळलेल्या पानांवर शिकव, पडलेल्या पाकळ्यांवर शिकव, हवं तर बाकाखाली बसव.

नको म्हणून तार करू नकोस, मी निघालेला असेन. लोभ माझ्या पिशवीत आहे, सफरचंदं नाहीत.

दादा


दि. १० एप्रिल

चि. खारूस,
अ. उ. आ.

हे पत्र फुलांच्या खोक्यांबरोबर येतं आहे. सांगते मी, तुझी आत्याआजी. लिहितोय तुझा आजोबा, कारण माझा उजवा हात हिवाळ्यापासून कापतो आणि औषधानं थोडाच ऐकतो. हे तुझ्या बाबालाही वाचून दाखव. मी आणखी लपवत नाही.

मध्ये तुला सैल गुच्छ, लिली असं काय काय सांगून पाठवलं. तू काही चुकली नव्हतीस. मुकुट माझ्यानं होणार नाहीत म्हणून मुकुटांनाच नावं ठेवत होते.

तुझा आजोबा इथं आला तेव्हा त्याला गुलाब कुठून धरायचा ते ठाऊक नव्हतं. टेप हळुवार गुंडाळायचा, जसा बाळाला दुपट्यात घेतोय. हिरवी टेप ताणली तरच चिकटते, नाहीतर सुटते. त्याचा पहिला मुकुट मी शिंपीणबाईंच्या डोक्यावर ठेवला, त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि मागे सगळी फुलं सांडत गेली. (हे खरं आहे. लिहिणारा.) मग मी शेजारी बसून नुसतं ताण, ताण म्हणत राहिले. पंधरा दिवस दुसरं बोललेच नाही. कविता सुरू झाली, की तारेचा टोचा. हळूहळू कविता आणि टेप दोन्ही जमायला लागलं.

आज पहाटेच बाजारातून फुलं आली. जर्दाळूच्या रंगाची मनासारखी मिळाली नाहीत, म्हणून दुसरीच्या मुकुटात सायीचे आणि गुलाबी एकाआड एक घातले आहेत. लांबून जर्दाळूच वाटेल. मी सांगत होते कुठलं फूल कुठे, तो लावत होता. चुकलं तर काढायला लावत होते. वाद झाले. जेवणं राहिली. पण संध्याकाळ जशी मनात होती तशी उतरली आहे.

खोकी रात्रभर थंड जागी ठेव, वरचा कागद ओला राहू दे आणि त्या खोलीत फळं ठेवू नकोस. कोटावरचा गुलाब वेगळ्या डबीत आहे. दुकान कुणाला देत नाही. तुझा आजोबा म्हणतो तो अजून महिनाभर राहणार आहे, हात बसेपर्यंत. कुणाचा, ते बोलला नाही.

उद्या भेटूच. मन फुलासारखं ठेव, म्हणजे अधूनमधून पाणी बदल.

तुझी,
आत्याआजी

ता. क. धाकटी बादल्या धुवायला गेली आहे, तेवढ्यात लिहितो. तुझ्या मुकुटात डाव्या कानामागे एक गुलाब आहे, बाकीच्यांपेक्षा जरा कललेला. मी खिडकीकडे तोंड करून कविता म्हणत होतो, तेव्हा तो तिनं स्वतः ओवला. बराच वेळ लागला. मी कविता दोनदा म्हटली, विसरलेल्या ओळींच्या जागी कुठल्याही ओळी घालून, पण मागे वळलो नाही. उद्या केस करणाऱ्या बाई तो सरळ करायला जातील. करू देऊ नकोस.

आजोबा