पाहुण्यांचे वायफाय

सातारा, गुरुवार

प्रिय जयपाल,

दिवाळीनंतर तुला पत्र नाही, फोनही नाही. मुकुल आणि ब्राह्मी यांचे लग्न होऊ द्यायचे नाही, असे तुझ्या सांगलीच्या बैठकीत ठरले. ‘मैत्री मैत्रीच्या जागी, सोयरीक सोयरिकीच्या’ असे तू म्हणालास आणि मी मान डोलावली. माझा नातू पुण्याला परतला, तुझी नात कुपवाडला आपल्या नोकरीवर रुजू झाली. आपल्या दोघांच्या मनाविरुद्ध काहीही करणार नाही, हा शब्द त्या दोघांनी पाळला. आपणच तेवढे अबोल झालो. वसतिगृहाच्या एका खोलीत भांडत-भांडत पदवी मिळवलेल्या माणसांना हे शोभत नाही.

आज लिहितो आहे ते आमच्या घरच्या वायफायविषयी. हा शब्द मी नपुंसकलिंगी मानतो. मुकुल पुल्लिंगी मानतो आणि चुकतो. तीन मजल्यांचे स्लॅब ओलांडून ते वर पोहोचेना, म्हणून केबलवाल्याने मजल्यागणिक एक राउटर बसवून दिला. तिघांची नावे तीन, पासवर्ड मात्र कारखान्यातून आला तोच. दारी आलेल्याला पाणी विचारावे, तसा मी तो प्रत्येकाला देऊ करत असे. व्हरांड्यात पाण्याच्या माठावर सुवाच्य अक्षरांत लावूनही ठेवला होता. परिणाम असा झाला, की एकादशीला सौ. अनसूयेचे भजनी मंडळ जमले असता आमचा टीव्ही आपोआप सुरू झाला आणि त्यावर ठसकेबाज लावणी नाचू लागली. गल्लीतल्या कुणीतरी ती आपल्या फोनवरून धाडली होती. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी टाळ थांबवले नाहीत, उलट ठेका धरला, हे अनसूया अजून सर्वांना सांगते. मला मात्र घाम फुटला. ज्या वाटेने लावणी आली, त्याच वाटेने उद्या चोरही येईल.

अनसूयेने मला न विचारता ब्राह्मीला फोन केला. कारखान्यांतली संगणकांची जाळी राखणाऱ्या मुलीला आपले तीन डबे जड आहेत का, असे वर मलाच ऐकवले. शनिवारी सकाळच्या बसने तुझी नात आली. चहा घेतला आणि कामाला लागली.

जयपाल, मी आयुष्यभर अदृश्य गोष्टींविषयी शिकवले, पण अदृश्याची अशी घडी कुणी बसवताना प्रथमच पाहिले. बटण दाबताच कुणालाही आत घेणारी सोय तिने आधी बंद केली. खालच्या राउटरला तिने प्रमुख केले, वरच्या दोघांना त्याच्या आज्ञेत ठेवले. तिघांना एकच नाव, एकच पासवर्ड. मग मला मुकुलशी वायफायवरून फोनवर बोलत जिना चढायला लावले. स्लॅबमागून स्लॅब गेले, मी एका राउटरच्या हातून दुसऱ्याच्या हाती सोपवला गेलो आणि मुकुलचे एक अक्षरही गळले नाही. मी गच्चीच्या दारात पोहोचलो. मुकुल ‘आजोबा, ऐकू येतंय ना?’ असे विचारत होता आणि तेही मला स्वच्छ ऐकू येत होते.

नवा पासवर्ड मी स्वतः टंकावा, असा तिचा आग्रह होता. मी तो टंकत असताना ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. घराचा शब्द घरच्यांखेरीज कुणालाही कळू नये, बसवणाऱ्यालाही नाही. मी विचारले, की हवेतून जाताना हा शब्द कुणी वाटेत ऐकला तर? ती म्हणाली, की शब्द हवेतून जातच नाही. फोन आणि राउटर दोघेही तो जाणतात, आपण जाणतो हे एकमेकांना पटवतात, पण उच्चारत नाहीत.

शेवटी तिने पाहुण्यांसाठी वेगळ्या नावाचे वायफाय काढले. त्याला जोडलेल्या माणसाला जग दिसते. आमचा टीव्ही, संगणक, घरातले काहीही दिसत नाही. अनसूयेने तुमच्या जैन रीतीप्रमाणे कांदा-बटाटा टाळून स्वयंपाक केला होता. ऊन असतानाच आम्ही जेवलो. मग बसची वेळ पाहण्यासाठी ब्राह्मीने आपला फोन जोडला, तो पाहुण्यांच्या वायफायला. मी म्हणालो, की अगं, सगळे तूच उभे केलेस, घरच्याला जोड, मी शब्द सांगतो. तिने हसून फोन पर्समध्ये ठेवला.

“नको आजोबा. घरच्या वायफायला जोडायला मला अजून तुम्ही दोघांनी कुठं सांगितलंय?”

‘दोघांनी’ म्हणजे तू आणि मी, हे विचारावे लागले नाही. अनसूयेने ताटे उचलून आत नेली. मी ब्राह्मीला स्थानकापर्यंत पोहोचवले आणि परतताना माझ्यापुरते ठरवले.

आपल्याकडे मुलीकडच्यांनी स्थळ घेऊन यायचे असते. ती रीत मी मोडतो आहे. येत्या रविवारी मी आणि अनसूया नारळ आणि खण घेऊन सांगलीला येत आहोत, माझ्या मुकुलसाठी तुझ्या ब्राह्मीला मागणी घालायला. तिने तिचा धर्म सोडावा, असे आमच्या घरात कुणी म्हणणार नाही. आमची चूल दिवस मावळण्यापूर्वी पेटू शकते, हे शनिवारी सिद्ध झाले आहे. तुला ‘नाही’च म्हणायचे असेल, तर मला समोर बसवून म्हण, फोनवर मी ते ऐकणार नाही. पण त्याआधी आपल्या नातीला एकदा जवळ बसवून विचार, की ती आमच्याकडे पाहुणी म्हणूनच का राहिली.

तुझाच, उत्तराच्या भीतीने आताच बसचे आरक्षण करून टाकलेला,
नारायण