राखून ठेवलेला हरभरा

मी चहाची किटली घेऊन बांधावर पोचलो तेव्हा मामांनी वाफ्यातलं शेवटचं झाड उपटलं होतं आणि ते मुळांची माती झटकत होते. शेजारच्या शेतातल्या सांडूनं काडीकचरा पेटवून ओले घाटे भाजायला घेतले होते. मी ओरडलो. मामा म्हणाले, "या भाचेबुवा, हुळा तयार हाय. लई भारी राखला बघ हरभरा!"

मामी, नमस्कार राहिला, तो इथं करतो. गुडघा कसा आहे? मामा म्हणाले, रोज तेल लावता. (मामांच्या शब्दावर आजपासून माझा भरवसा नाही.) मी बरा आहे. जेवलो नाही. गारखेड्याच्या या खोलीत संध्याकाळपासून येरझारा घालतोय. घरमालकीण वच्छलाबाई दोनदा विचारून गेल्या, काय हरवलं.

हरवलं ते असं. हरभऱ्याच्या मुळांवर बारीक गाठी असतात. गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला खाऊ घालतात. मातीतला नत्र झाड स्वतः खातं. हवेतला किती आणि मातीतला किती, हे शोधायला मी चिकलठाण्याच्या त्या वाफ्यात जड नत्राचं खत घातलं होतं. नेहमीच्या नत्राहून तो किंचित जड, एवढाच फरक. हवेतला नत्र हलका. तो जितका जास्त, तितका झाडातला जड नत्र पातळ. शेजारी गहू पेरला, कारण गव्हाला अशा गाठी नसतात आणि त्याला मातीवरच भागवावं लागतं. ते खत वर्षभर अर्ज केल्यावर एकदाच मिळालं. झाडं उद्या कापायची होती, वाळवून, दळून प्रयोगशाळेत पाठवायची होती. त्यांच्याशिवाय प्रबंध नाही, आणि प्रबंधाशिवाय मी तुमच्याकडे कायमचा राहायला येईन. (घाबरू नका, मी कमी खातो.)

मामांचं म्हणणं वेगळं. वाटेवरचा हरभरा येणारेजाणारे ओरबाडतात. एवढाच भरगच्च उभा, भोवती दोरी, दोरीला लाल चिंध्या. मामा येणार म्हणून भाच्यानं राखला, हे सांडूलासुद्धा पटलं. पाहुण्यानं हात लावला नाही तर भाच्याला वाईट वाटेल म्हणून ते आत शिरले. "आन् गव्हाला हात नाय लावला," हेही त्यांनी अभिमानानं सांगितलं. मी खताचं सांगितल्यावर त्यांचं तोंड थांबलं. "अणूचं हाय का रं ते?" म्हटलं, नाही मामा, विष नाही, नुसतं जड आहे. "तरीच पोट जड झालं." सांडूनं आपल्या वाटणीचा हुळा हळूच मामांकडे सरकवला. मामा म्हणाले, "मग आता माझ्यातून काढ की." (हुळा मीही खाल्ला. चांगला झाला होता.)

मामी, पुन्हा नमस्कार.
तुमचा, कडूबा

ता. क. पत्र गुडघ्यासाठी नाही, हे तुम्ही ओळखलं असेल. मामांनी चार झाडं न भाजता तुमच्यासाठी पिशवीत नेली आहेत. घाटे सोलू नका. धुऊ नका. शेळीपासून लांब, सावलीत ठेवा. माझं सगळं आता त्या चार झाडांत आहे.

ता. क. दुसरा, सोमवार सकाळ. वाफ्यावर गेलो तर मामा आत उभे. पहिल्या गाडीनं पैठणहून आले, तुमच्या शेतातला हरभरा पोतंभर उपटून आणला आणि एकेका खड्ड्यात लावून पाणीही घातलं. माझी चार कुठं आहेत विचारलं. म्हणाले, "तीबी लावली की ह्यातच." सगळी सारखीच मान टाकून उभी होती. ज्यांत जड नत्र सापडेल ती माझी, हे आता यंत्रच सांगेल. मी सगळी उपटली, वेगवेगळी बांधली. मामांनी बांधायला मदत केली. ते दहाच्या गाडीनं निघतायत. पत्र त्यांच्याच हाती देतो.