रामाकोन्याची धावपट्टी चंचलच्या नावे

मी, शोभा श्रावण सोमकुंवर, निवृत्त क्रीडाशिक्षिका, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा, पूर्ण शुद्धीत व राजीखुशीने माझ्या पश्चात करायची ही व्यवस्था लिहून ठेवते. कोणाचं दडपण नाही. भीती मात्र आहे. सोमवारी नागपूरला हृदयाचं ऑपरेशन आहे, पण त्याहून जास्त घाबरते ती माझी विद्यार्थिनी तृप्ती हिच्यासाठी.

१. सौंसरचं घर मुलगा नितीन याला. विकलं तरी हरकत नाही.

२. रामाकोन्याचं शेत, जिथे संत्र्याची झाडं काढून मी पोरींसाठी धावपट्टी केली, ते खेळाच्या सामानासह चंचल गौतम गजभिये हिला. दीर रवींद्र यांनी तेव्हा मला गावभर वेडी ठरवलं. त्यांचा या शेतावर काडीचाही हक्क नाही.

चंचल माझी सर्वांत वेगवान विद्यार्थिनी. ती चौदा वर्षांची असताना एक बाहेरचा प्रशिक्षक माझा विरोध डावलून तिला घेऊन गेला. ताकदीची म्हणून इंजेक्शनं दिली, दुखऱ्या पायावर पळवलं. हाड मोडल्यावर पांढुर्ण्याच्या स्टेशनवर एकटी उतरवून दिली. ती आजही लंगडते.

३. तृप्ती ही रामाकोन्याच्या कवडू व देवकाबाई यांची मुलगी, वय तेरा. शाळेच्या शर्यतीत ती चौथी आली. बाकीच्या पोरी वाकून धापा टाकत होत्या आणि ही जराही दम न लागता कोण जिंकलं ते विचारत होती. तेव्हाच मी तिला हेरलं. तिची हाडं अजून वाढत आहेत. सोळाची होईपर्यंत तिला खो-खो, कबड्डी, सगळं खेळू द्यावं. लांब शर्यतीत उतरवू नये.

गेल्या आठवड्यात चंचलला नेणारा तोच प्रशिक्षक तृप्तीच्या घरी येऊन गेला. कळताच मी चंचलला घेऊन तिथे गेले.

कवडू म्हणाला, "बाई, तो पोरीले दिल्लीले नेतो म्हणते. कागदावर वय कमी करू म्हणते."

"अन् सुई?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. "ताकदीची आहे म्हणते. तुमी नाही राहिल्या तं पोरीकडे कोन पाहीन?"

चंचलने सलवार वर करून ऑपरेशनचा व्रण दाखवला. "काका, हे त्याच ताकदीचं."

कवडूने तिथूनच फोन लावून नकार कळवला. पलीकडचा हसला. "ठीक है. पहले मॅडम का ऑपरेशन होने दो."

तेव्हापासून मला झोप नाही.

४. म्हणून आईवडिलांच्या संमतीने तृप्तीचं प्रशिक्षण चंचलकडे सोपवते. चंचल आधी नाहीच म्हणाली.

"मले भेव लागते, बाई. माह्या हातून पोरीचा पाय गेला तं?"

"त्या मानसाले कधीच भेव वाटलं नाही," मी म्हटलं. "तुले वाटते, म्हणूनच तुले देऊन राहिली."

तिने माझा हात धरला आणि हो म्हटलं.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही: शोभा श्रावण सोमकुंवर

साक्षीदार: श्रीकांत ढोके (शिक्षक), विजया बागडे (शेजारीण)

सौंसर, १४ नोव्हेंबर २०२५